लाल पिंपावरचा पांढरा हात

मी, अल्फोन्स कॉनराड डिटमार, वय त्र्याहत्तर, धंदा पाट्या आणि भिंती रंगवणे (आता निवृत्त, पण हात अजून कापत नाही), राहणार वॉल्नट गल्ली, पिओरिया, इलिनॉय, लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा कागद दिला आहे. माझी मुलगी हेडी हिचे मत वेगळे असले तरी कायदा ते धरत नाही. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी पाजलेले नाही. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले बायको होती तेव्हा केले होते, दुसरे रागाच्या भरात. हेही रागातच आहे, पण विचार करून.

कलम १. मला आमच्या चर्चच्या मागे माझी बायको ट्रूडल हिच्याशेजारी पुरावे. नंतर तळघरातल्या हॉलमध्ये लोकांना सॉसेज आणि बटाट्याचे सॅलड द्यावे. सॅलडात व्हिनेगर घालायचे, अंड्याचा तो पांढरा लगदा नाही. बाहेरून ट्रकने येणारी बिअर माझ्या नावाने कोणी पाजू नये. दुसरी मिळत नसेल तर नळाचे पाणी द्यावे. मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे.

कलम २. राहते घर, मागचे शेड आणि आतले सामान हेडीला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिल स्ट्रीट पार्कच्या, म्हणजे आमच्या बेसबॉलच्या मैदानाच्या, दिव्यांचे खांब दिसतात. येत्या ऑक्टोबरात पार्क पाडणार आहेत, तेव्हा खिडकीला पडदा लावला तरी माझी हरकत नाही. बँकेत जे काही उरेल तेही तिचेच. तिने त्यातून आधी दात नीट करून घ्यावेत.

कलम ३. शेजारी वॉली क्रूगर याच्याकडे माझी चोवीस फुटी शिडी १९४६ पासून आहे. ती आता त्याचीच समजावी, म्हणजे मला पाहून गॅरेजचे दार लावायचे त्याचे कष्ट वाचतील.

कलम ४. क्लेमेन्स राइनहाल्ट, म्हणजे राइनहाल्ट ब्रुअरीचा शेवटचा मालक, याला माझ्या तळघरातली एक भरलेली बाटली द्यावी. ती का, ते लिहिल्याशिवाय त्याला कळणार नाही, म्हणून लिहितो.

१९३३ साली दारूबंदी उठली. त्याच एप्रिलमध्ये क्लेमचे वडील आमच्या दुकानात आले आणि पार्कची डावीकडची लाकडी कुंपणभिंत त्यांनी मला आणि माझा धाकटा भाऊ रुडॉल्फ याला दिली. माणसाच्या तिप्पट उंच, लांबी ऐंशी फूट. अक्षरे मी काढली: 'राइनहाल्ट. आपल्या गावचं पाणी, आपल्या गावची बिअर.' शेजारचे लाल पिंप रुडीने काढले. पिंपाच्या पोटात बुचाच्या जागी पांढरा गोल. मारलेला चेंडू टप्पा न पडता त्या गोलावर आदळला तर मारणाऱ्या खेळाडूला बाटल्यांचे खोके आणि डावीकडच्या बाकड्यांवर बसलेल्या प्रत्येकाला एकेक ग्लास फुकट, असा रिवाज होता. सव्वीस वर्षांत पाच वेळा आदळला. पाचही वेळा मी तिथे होतो. लोक स्वस्त म्हणून डावीकडे बसायचे असे नाही, बुचासाठी बसायचे.

दर एप्रिलला पहिल्या सामन्याआधी आम्ही दोघे परांचीवर चढून भिंत नव्याने रंगवायचो. म्हातारे राइनहाल्ट वारले त्या दिवशी क्लेमने चर्चच्या पायऱ्यांवर, रुडीच्या देखत, माझा हात धरला. म्हणाला, "अल्फी, जोवर या गावात ही बिअर बनतेय तोवर ती भिंत तुम्हा दोघांची." शब्द त्याने पाळला. १९५८ साली कारखाना बाहेरच्या मोठ्या कंपनीला विकला आणि गावात बिअर बनणेच बंद केले.

ती बाटली शेवटच्या घाण्यातली आहे. बारा वर्षांत तिचे काय झाले असेल ते देव जाणे. क्लेमने ती उभ्या उभ्या, माझ्या कबरीपाशी, एका दमात संपवावी. नाहीतर घेऊ नये.

कलम ५. माझा भाऊ रुडॉल्फ डिटमार, वय सहासष्ट, याला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. रंग पुसायची चिंधीसुद्धा नाही.

क्लेमने फसवले ते मी समजू शकतो. तो मालक होता, मालक विकतात. रुडी माझा भाऊ होता आणि माझा भागीदार होता. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. दुसऱ्याच्या भिंतीवर ब्रश लावण्याआधी त्याच्या दारी जाऊन विचारायचे. तो सहसा हो म्हणतो, एक ग्लास पाजतो, आणि मग रंगवायचे. गावातले दारुडे पेंटरसुद्धा हे पाळतात. १९५९ च्या मार्चमध्ये नव्या कंपनीचा माणूस दुकानात आला. राइनहाल्ट झाकून त्यावर त्यांच्या बिअरचे नाव हवे होते. मी त्याला दार दाखवले. रुडी तेव्हा कोपऱ्यात ब्रश धूत होता. तो ब्रश धूतच राहिला.

पुढच्या आठवड्यापासून तो दुकानात यायचा बंद झाला. निरोप आला की पाठ धरली आहे. ट्रूडलने त्याला सूप पाठवले. एप्रिलच्या पहिल्या सामन्याला मी नेहमीच्या जागी बसलो, सॉसेजचा पहिला घास घेतला आणि डावीकडे पाहिले. भिंत पांढरी होती. पांढऱ्यावर निळी अक्षरे होती, आणि ती अक्षरे रुडीची होती. त्याचा आर वळतो कसा ते मला झोपेतही ओळखू येते. आजूबाजूचे लोक भिंतीकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. तो घास मी रुमालात काढला आणि घरी आलो.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. आम्ही एकाच गल्लीत राहतो, एकाच चर्चला जातो. तो डावीकडे बसतो, मी उजवीकडे.

पण देवाने त्याला सोडले नाही, हेही नोंदवून ठेवतो. जुना लाल रंग पांढऱ्याखाली गप्प बसत नाही. तो वर फुटतो. म्हणून लालावर आधी लाखेचा एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, आणि मग पांढरा. रुडीने लाखेचा हात दिलाच नाही. पहिल्या उन्हाळ्यातच भिंतीला गुलाबी झाक आली. तिसऱ्या उन्हाळ्यात निळ्या अक्षरांमधून अख्खे पिंप वर आले, बुचासकट. बाकड्यांवरचे लोक टोप्या काढून टाळ्या वाजवत होते. कंपनीने दोनदा पांढरा मारून घेतला, दोन्ही वेळा पिंप परत आले. शेवटी त्यांनी नाद सोडला. पार्क रिकामा पडला आहे, पण पिंप अजून तिथेच आहे.

मी कोहलरच्या बारमध्ये सगळ्यांना सांगितले की माझा भाऊ लाखेचा हात विसरला. युनियनच्या बैठकीत सांगितले. न्हाव्याला सांगितले. पुढे पुढे कोणी काही विसरले की पेंटर लोक 'रुडीचा हात' म्हणू लागले. ते कंपनीच्या कानावर गेले आणि तिने त्याला पुन्हा काम दिले नाही. मग कोणीच दिले नाही. नऊ वर्षे तो मोटारी लावायच्या जागांवर पांढरे पट्टे मारत होता. मला त्याचे वाईट वाटले नाही. ट्रूडल मरेपर्यंत म्हणत राहिली, "अरे, एकदा जाऊन विचार तरी त्याला." मी म्हणायचो, विचारायची पद्धत त्याने मोडली, मी नाही.

हा निष्काळजीपणा त्याचा जुनाच. चौदा वर्षांचा असताना त्याने खाटकाच्या लाल पाटीवर थेट पांढरा मारला होता. आठवड्यात पाटी गुलाबी. आमच्या बापाने त्याच्या कानाखाली वाजवली आणि वहीत शंभर वेळा लिहून घेतले, 'आधी लाख, मग पांढरा.' त्यानंतर चाळीस वर्षांत तो एकदाही विसरला नाही. विसरला तो नेमका माझ्या भिंतीवर.

कलम ६. बापाची ब्रशची पेटी, ज्यात उंटाच्या केसांचे म्हणून विकलेले पण खारीच्या केसांचे अकरा ब्रश आहेत, माझ्यासोबत शवपेटीत ठेवावी. मला तिथे तिचा उपयोग नाही. ती रुडीच्या हाती जाऊ नये, एवढाच हेतू आहे.

कलम ७. माझे वकील मिस्टर ऑर्व्हिल टेगमायर यांनी सांगितले की जो मृत्युपत्राचा साक्षीदार होतो त्याला त्यातून काही घेता येत नाही. ऐकून मला बरे वाटले. म्हणून दुसरा साक्षीदार म्हणून रुडॉल्फ डिटमार यालाच बोलवावे, आणि सहीआधी कलम ५ त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे. त्याने बसून ऐकावे, मग सही करावी, मग घरी जावे.

कलम ८. (इथपर्यंत टंकलिखित आहे. पुढचे मी मिस्टर टेगमायर यांच्या टेबलावर, सही करण्याआधी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर चांगले नाही.)

रुडी आला. कोट घालून आला. फार वाळला आहे. टोपी मांडीवर ठेवून बसला आणि माझ्याकडे न पाहता ऐकत राहिला. मिस्टर टेगमायर वाचत होते. खाटकाच्या पाटीपर्यंत आले आणि थांबले. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "चाळीस वर्षांत एकदाही नाही?"

मी म्हणालो, एकदाही नाही. म्हणालो आणि माझे बोलणे मलाच ऐकू आले. ते वाक्य मीच लिहिले होते. दोनदा वाचून टंकायला दिले होते. अकरा वर्षे मी ती भिंत पाहत आलो, गावाला दाखवत आलो, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी ते एका वकिलाला मला विचारावे लागले. त्याला पाट्यांमधले काही कळत नाही. त्याच्या स्वतःच्या दारावरची पाटी वाकडी आहे.

मी रुडीला विचारले, लाखेचा हात तू मुद्दाम दिला नाहीस का. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याचे नाव घेऊन विचारले.

तो म्हणाला, "मी नाही म्हटलं असतं, तर शिकागोहून माणसं येणार होती. त्यांनी आधी भिंत खरवडली असती. मग काय राहिलं असतं?"

मी म्हणालो, मग मला सांगितले का नाहीस.

"तू कोहलरकडे दोन ग्लास घेतलेस की सगळं बोलतोस, अल्फी. महिन्याभरात कंपनीला कळलं असतं." मग तो टोपीची कड फिरवत बसला. मला वाटले संपले. पण तो पुढे म्हणाला, "आणि मला वाटलं, तुला तरी कळेल."

मला अजून राग आहे. त्याने मला वगळले, मला गावासमोर बसवले, सॉसेज हातात असताना. एक चिठ्ठी ट्रूडलच्या सुपाच्या भांड्यातून आली असती. हे मी माफ केलेले नाही आणि इथे खोटे लिहिणार नाही. पण त्याने भिंत विकली नव्हती. मी त्याला विकले, न्हाव्यापासून युनियनपर्यंत, ग्लासागणिक. विचारायची पद्धत आम्हा दोघांत कोणी जास्त मोडली ते आता मला नीट दिसते.

म्हणून लिहितो: कलम ५ खोडू नये. ते मी लिहिले आहे, लोकांनी वाचावे. पण त्याचा अंमल होऊ नये. कलम ६ आणि ७ रद्द. बापाची पेटी, अकरा ब्रशांसह, माझा भाऊ रुडॉल्फ याला द्यावी, आणि मी मरायची वाट न पाहता हेडीने ती आज संध्याकाळीच त्याच्या घरी पोचवावी. ऑक्टोबरात भिंत उतरवतील तेव्हा बुचाच्या गोलाच्या फळ्या मागून घ्याव्यात, त्याही त्याच्याच. माझ्या थडग्यावर दगड बसेपर्यंत जी लाकडी पाटी लागेल तिच्यावरची अक्षरे रुडीने काढावीत.

आणि मी गेल्यावर हेडीने कोहलरच्या बारमध्ये, शनिवारी, बार भरलेला असताना उभे राहून सांगावे की तिचा काका लाखेचा हात विसरला नव्हता. मी जगलो तर या शनिवारी मी स्वतःच सांगेन.

हे सर्व वाचून, समजून, खाली सही करतो.

अल्फोन्स कॉनराड डिटमार
पिओरिया, इलिनॉय, दिनांक ९ सप्टेंबर १९७०

आमच्या समक्ष मृत्युपत्रकर्त्याने सही केली आणि त्याच्या समक्ष आम्ही केली:

साक्षीदार १: बर्निस हॉकिन्सन, टंकलेखिका

साक्षीदार २: ~~रुडॉल्फ डिटमार~~ डोनाल्ड प्लॅट, तळमजल्यावरचा घड्याळजी

टीप: साक्षीदार २ च्या जागी आधी टंकलेले नाव माझ्यासमोर मृत्युपत्रकर्त्याने स्वतः खोडले आहे. ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. ऑ. टेगमायर, वकील.