गुरुवारचा दवाखाना

आमच्या गावात डॉक्टरचा वार सोमवारवरून गुरुवारवर आणायला काय लागलं, ते आधी मांडतो: पुष्कळ अर्ज, वेल्कोच्या बुटांचे तळवे आणि माझी बायको नेदा.

मी, स्तामेन दिमोव किचुकोव, राहणार ब्रेझना, लाकडाच्या वखारीचा मालक, डोकं ठिकाणावर आणि मानगुटीवर कुणी बसलेलं नसताना, माझ्यामागे कशाचं काय करावं ते लिहून ठेवतो. याआधीचा कागद सापडल्यास चुलीत घालावा.

१. वखार, करवती आणि बँकेतली शिल्लक माझा मुलगा ओग्न्यान याची.

२. राहत्या घराचा तळमजला, जिथे दवाखाना भरतो, तो त्याचा नाही. "बाबा, तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढू," असं तो म्हणाला होता. वरच्या मजल्यावर काढ, बाळा. तळमजला गावाच्या आरोग्य समितीला देतो. अट एकच: दवाखान्याचा वार, वेळ आणि आत काय हवं ते समितीतले गावकरीच ठरवतील. जिल्ह्याच्या कार्यालयाने तो हक्क काढून घेतला, तर जागा ओग्न्यानकडे परत जावी.

अट का, ते लिहितो. समिती झाली तेव्हा नेदा, निवृत्त पोस्टवाली रायना आणि मेंढपाळ वेल्को घरोघर विचारत फिरले. वरच्या वाड्यांची बस फक्त गुरुवारी येते, म्हणून सगळ्यांनी गुरुवार मागितला. जिल्ह्याचे साहेब सोमवार छापूनच घेऊन आले.

"तुम्ही फक्त हजेरीची सही करायची, काकू."

"करते की. पण सोमवारी येणार कोण, मेंढ्या?" नेदा म्हणाली.

"मेंढ्यांचं जमेल," वेल्को म्हणाला. "त्यांना बस लागत नाही."

साहेब हसले. सोमवार राहिला.

त्या हिवाळ्यात एका बुधवारी नेदाच्या छातीत दुखू लागलं. गुरुवारी बर्फातून बस आली. तिच्यात डॉक्टर नव्हता. दुपारी नेदा गेली.

मेलेल्याचं फोटोसकट शोकपत्रक गावभर दारांवर चिकटवायची आमची रीत. दवाखान्याच्या दारावर मात्र ते लावायचं नाही, आजारी माणूस तिथूनच परत फिरतो, असा नियम नेदानेच समितीकडून करून घेतला होता. रायनाने नेदाचं पत्रक नेमकं त्याच दारावर लावलं.

"रायना, तिला हे चाललं नसतं."

"नसतंच. ओरडली असती मला," खळ फासत रायना म्हणाली. "ओरडू दे की."

सोमवारी साहेब आले, दारात थांबले. पत्रकावर ती गेल्याचा वार छापलेला होता, गुरुवार. त्यांनी टोपी काढली. पुढच्या महिन्यापासून गुरुवार झाला.

३. साहेबांना माझ्या दफनाला बोलवावं, रीतीप्रमाणे मेलेल्याच्या नावाचा उकडलेला गोड गहू द्यावा. पुढे उभं करू नये.

४. माझा रंधा आणि पटाशी वेल्कोला. दवाखान्यातला बाक मी बनवला, त्याचा पाय डुगडुगतो, तो त्याने पाहावा. गावात त्या बाकावर न बसलेला मी एकटाच, आणि बसणारही नाही.

५. माझं शोकपत्रक फाटकावर आणि बसथांब्यावर लावावं, मिशीवाल्या फोटोसह. दवाखान्याच्या दारावर नको. तिथे एक लागलं तेवढं पुरे.

हे सगळं माझ्याच हातचं आहे.

(सही) स्तामेन किचुकोव

साक्षीदार:
रायना मिलेवा (सही)
डॉ. इस्क्रा तोनेवा (माझा नंबर लागला की सही करतील)

गुरुवार, १२ फेब्रुवारी २०१५
स्थळ: ब्रेझना, दवाखान्यातला बाक.