ताईच्या हाताची पक्कड

दिनांक ७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही ठीकच असणार, कारण नसतं तरी तू तसंच सांगितलं असतंस.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "काय पंडितीणबाई, चांगली पक्कड कशी ओळखायची?" आणि मी ऐटीत म्हणाले, "कळवते." ताई, मला ते येत नाही. इतकी वर्षं वीज शिकले, पण पक्कड हा शब्द एकाही पेपरात आला नाही. कोणत्या तारेतून किती वीज जाईल ते मी गणिताने सांगेन. ती तार सोलायची कशी, हे विचारलंस की मी आपली बारावीतली पोर. घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून आई शेजारणींचे बिघडलेले मिक्सर माझ्यासाठी साठवून ठेवते, आणि मी सुट्टीत आले की ते मिक्सर माझ्याकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे.

फोन करण्याऐवजी लिहितेय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. तुझ्यामागे मशिनांचा खडखडाट, माझ्यामागे साहेबांचे कान. पत्राला तुला मध्येच "बरं बरं, जेवलीस का?" म्हणता येणार नाही. (जेवले.)

तर मी शोध सुरू केला. आमच्याकडे वरच्या मजल्यावर मी कंट्रोल पॅनेलचे नकाशे काढते, आणि खाली शेडमध्ये एक वायरमन आणि एक फिटर ते पॅनेल उभे करतात. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन खाली गेले आणि विचारलं, "चांगली पक्कड कोणती हो?"

वायरमन म्हणाले, "जिच्या मुठीवर हजार व्होल्टची खूण आहे, ती."

"खूण काय चाटायची आहे?" फिटर म्हणाले. "मॅडम, सांधा बघा सांधा. डुगडुगली की ठेवून द्या."

"याचं ऐकू नका. हा पक्कडीने खिळे ठोकतो."

"आणि तू नट फिरवतोस! पाना हाताशी असताना! मॅडम, याने फिरवलेले नट बघा, कोपरे झिजून सगळ्यांच्या गोट्या झाल्यात."

दोघांचं जेवण निवलं, भांडण काही निवलं नाही. पण माझ्या पदरात एवढं पडलं: मुठीवर रंगीत प्लास्टिक दिसलं म्हणून ती विजेच्या कामाची होत नाही. साधं प्लास्टिक नुसतं हाताला मऊ लागावं म्हणून असतं. विजेच्या कामाची वेगळी बनवतात, आणि तिच्यावर तशी खूण असते. ती हातात असली तरी आधी मेन स्विच बंद, मग हात. बाकी, पक्कड मिटून उजेडासमोर धरायची. तार कापायच्या धारेतून उजेड आला तर ती कापत नाही, चावते. टोकं एकमेकींना नीट भेटली पाहिजेत. उघडताना अडायला नको, मिटताना डुलायला नको.

एवढी विद्या घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकान एक बाई चालवतात.

"चांगली पक्कड द्या."

"वाईट मी ठेवतच नाही."

"त्यातल्या त्यात चांगली?"

"लाल जास्त खपते."

"का?"

"लाल आहे म्हणून."

मी सगळ्या पक्कडी उजेडासमोर धरून बघायला लागले. बाई म्हणाल्या, "कुणाच्या हातासाठी हवी?" बहिणीच्या म्हटलं. "मग हात केवढा आहे तिचा?"

मोजून आणते म्हणाले आणि बाहेर पडले.

तर आता तुझं काम. एका कागदावर हात ठेव, बोटं पसर, भोवतीने पेन्सिल फिरव आणि कागद पाठवून दे. उजवा हात काढ. नाहीतर... नाही, उजवाच काढ.

इकडे उकाडा सुरू झालाय. खोलीतला पंखा फिरतो कमी आणि बोलतो जास्त.

तुमचे मेकॅनिककाका महिनाअखेरीला सोडून जाणार, आणि जी कुणी मशीन उघडून, दुरुस्त करून, चालवून दाखवेल तिला त्यांची जागा मिळणार, हे तू फोनवर असं सांगितलंस जसं काही पाणी गेलंय असं सांगतेयस. स्वतःची हत्यारं आणायची, हेही. ताई, तुमच्या कारखान्यात इतक्या जणी शिवतात आणि एकीनेही मशीन उघडायचं नाही, हे मला कधी पटलं नाही. ज्या मशीनवर बाईचं आयुष्य जातं, त्याच्या पोटात काय आहे हे तिला माहीत असायला नको? (हो, हे भाषण झालं. थांबले.) तू नाव दिलंस याचा मला इतका आनंद झालाय की साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "छान. तो नकाशा झाला का?"

भावजींना नमस्कार. कागद लवकर पाठव.

तुझी,
पंडितीण (पक्कडीत नापास)


दिनांक १८ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार मागच्या पत्रातलाच धर. आज मला लिहायची घाई आहे.

तुझं पाकीट मिळालं. चिठ्ठी वाचली. तूच लिहिलेलं तुला पुन्हा लिहून दाखवते, म्हणजे "असं मी कुठे म्हटलं?" असं म्हणता येणार नाही: "हात पाठवलाय, पण पक्कड घेऊ नकोस. सुपरवायझर मॅडमनी काल सगळ्यांसमोर विचारलं, तुझ्या हाताला झेपेल का गं? मी हसून वेळ मारून नेली. येत्या शनिवारी नाव काढून घेते. घेतलीच असशील तर दुकानात परत दे. आईला बोलू नकोस. शिळं खाऊ नकोस."

मग मी हाताचा कागद उघडला. वर ठळक अक्षरात "उजवा". पाचही बोटं सरळ, लांब, अगदी चित्रातल्यासारखी. टेबलावर ठेवला तर कागद हाताला खडबडीत लागला. खिडकीशी नेऊन उलटा केला. पाठीवर पेन्सिलची दाबून काढलेली रेघ होती. ताई, तू डावा हात काढलास, कागद उलटवलास, आरपार दिसणारी रेघ गिरवलीस आणि वर "उजवा" लिहिलंस.

मला हसू आलं. इतकी खटपट! मग हसू थांबलं.

आपल्या घरात त्या बोटाला नाव नाही. मशीनच्या पट्ट्यात सापडलं तेव्हापासून आई "ते झालं तेव्हा" असं म्हणते. भावजी "हिचं दुखणं" म्हणतात. तू भाजी चिरताना पदर हातावर घेतेस, आणि आम्ही सगळे त्याच वेळी दुसरीकडे बघायला शिकलोय. मागच्या पत्रात मी "नाहीतर" लिहून थांबले, तिथेही तेच होतं. म्हणून आता लिहितेच: तुझ्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरापर्यंतच आहे.

लिहिलं. पंखा चालूच आहे. काही कोसळलं नाही.

आता पुढचं ऐक. मी माझं तेच बोट दुमडलं आणि काळ्या टेपने गुंडाळून टाकलं. तशीच कामावर गेले. वायरमननी विचारलं, "मॅडम, बोटाला काय झालं?"

"काही नाही. उसनं घेतलंय."

पहिल्या तासातच कपातला चहा नकाशावर सांडला. कुलपात किल्ली फिरेना. दुपारपर्यंत मधलं बोट आपोआप पुढे यायला लागलं, तेव्हा लक्षात आलं की तू पेला तसाच धरतेस, सुईत दोराही तसाच ओवतेस. मी ते कितीदा पाहिलंय, आणि पाहिलं नाही असं दाखवलंय.

संध्याकाळी तशीच दुकानात गेले आणि एकेक पक्कड चालवून बघायला लागले. बाई म्हणाल्या, "घेताय, की व्यायाम करताय?" लाल पक्कड रुबाबदार खरी, पण तिच्या मुठी इतक्या फाकतात की मधलं बोट पोचेना. मोठी, जड पक्कड तळहातातून घसरत खाली आली. आणि एक गोष्ट कळली, जी वायरमनलाही माहीत नव्हती आणि फिटरलाही, कारण त्यांना कधी गरज पडली नाही. पक्कड मिटायला ताकद लागते असं आपण समजतो. खरी पंचाईत असते ती उघडायची! उघडताना एक बोट आतून ढकलावं लागतं, आणि तेवढ्यात पकड सुटते.

"आपोआप उघडणारी नसते का?" मी विचारलं.

बाईंनी खालच्या खणातून एक काढली. लांब चोचीची, लहानशी, मुठींच्या मध्ये स्प्रिंग. "ही कुणी घेत नाही. कधीतरी दागिने घडवणारे घेतात." मी मिटली आणि सोडली. ती आपली आपण उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. बाई म्हणाल्या, "पुरे, स्प्रिंग जाईल."

तर दोन घेतल्या. एक ही चोचीची, मशीनच्या आतल्या कामाला: अडकलेला दोरा, तुटलेल्या सुईचा तुकडा, बारीक पिना. दुसरी लहान, खूण असलेली, मोटारीच्या तारांसाठी. तिने नट फिरवू नकोस, ठोकू नकोस. आवरणाला एवढीशी चीर गेली तरी ती खूण खोटी ठरते.

मॅडमचा प्रश्न तुला लागला, ते मला समजतं. सगळ्यांसमोर विचारायला नको होता. पण ताई, तो प्रश्न अर्धाच आहे. हाताला झेपेल का, पण कोणत्या पक्कडीने? काका रजेवर असले की सुई-बॉबिनचा मेळ, मशीनचं टायमिंग, गुपचूप कोण लावतं? तूच हसत सांगितलं होतंस: काकांची पक्कड उसनी घेतेस आणि मुठींना चिंध्या गुंडाळतेस, म्हणजे हातात भरते. म्हणजे हाताला झेपतं. काकांची पक्कड झेपत नाही. ती त्यांच्या हाताची आहे.

मी तुला खात्री देत नाही. परीक्षेच्या दिवशी मशीन हट्टाला पेटेल, मॅडम घड्याळ बघत उभ्या राहतील, आणि जागा दुसऱ्या कुणाला मिळेलही. मिळाली तर तिला मिळू दे. पण तू न उघडताच उठून जावंस आणि त्याचं कारण एक बोट असावं, हे मला सोसवत नाही. तू म्हणशील, पंडितीण पुन्हा भाषण करायला लागली. करते. कुणीतरी करायला हवं.

आईला बोलू नकोस म्हणालीस. मी बोलले. फोनवर सरळ "ताईचं बोट" म्हणाले. मग आई म्हणाली, "तिला म्हणावं, लहानपणी माझं शिवणाचं मशीन तिनेच दोनदा मोडलं आणि तिनेच जोडलं. तेव्हा तर हात केवढासा होता." आणि लगेच, "पण पट्टा चालू असताना हात घालायचा नाही म्हणावं." एवढं बोलून रडली थोडी, पण बरं वाटल्यासारखी रडली.

आता शेवटचं. काल टेप बांधूनच चोचीच्या पक्कडीने घट्ट बसलेल्या तारा ओढून बघितल्या. दोन निघाल्या, तिसरीला मूठ निसटली. मधलं बोट टेकायला जागाच नाही. फिटरकडे गेले आणि टेपवालं बोट दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी पक्कड फिरवून बघितली आणि म्हणाले, "खाच पाडावी लागेल. मी पाडू?" मी म्हटलं, नाही, मला शिकवा.

मुठीवरचं प्लास्टिक काढलं, पक्कड बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कानस हातात धरली. "मॅडम, ढकला. कुरवाळू नका!" वायरमन दारातून ओरडत होते, "ती खूणवाली लांब ठेवा, तिला कानस लावायची नाही!" लोखंडाचा भुगा माझ्या बाहीवर, नाकावर. थोडं घासायचं, टेपवालं बोट लावून बघायचं, पुन्हा घासायचं. शेवटी मधलं बोट बरोबर खाचेत जाऊन बसलं. कडा गोल केल्या, प्लास्टिक गरम करून परत चढवलं, आणि ती तिसरी तार एका झटक्यात बाहेर आली. फिटरनी आपल्या हातात घेऊन बघितली. त्यांचं बोट खाचेच्या कडेवर येतं, टोचतं. म्हणाले, "ही आता आमच्या कामाची राहिली नाही."

दोन्ही पक्कडी या पत्राबरोबर खोक्यात आहेत. दुकानात परत दे म्हणाली होतीस. खाच पाडलेली पक्कड कोणतंच दुकान परत घेत नाही, ताई. हे मला कानस हातात घेण्याआधीच माहीत होतं.

तुझ्या उजव्या हातास नमस्कार.

धाकटी