चादरीचं दुसरं टोक

आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी मजेत आहे, पोटभर जेवतो.

इथल्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालतो. दोघांनी दोन टोकं धरायची. माझा जोडीदार म्हातारा, सगळे त्याला कुरकुऱ्या म्हणतात. मधेच टोक सोडायचा आणि वर माझ्यावरच ओरडायचा, "हात आहेत की फावडी?"

परवा साहेबांनी विचारलं, "कुणाचा त्रास होतो? खरं सांग." मी उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हाताऱ्याला लगेच बॉयलरपाशी हलवलं. तिथे नुसती भट्टी आहे गं.

काल जेवताना पाहिलं, त्याच्या बोटांत चमचासुद्धा राहत नव्हता. चादर कशी राहणार? मला म्हणाला, "माझी चुगली कुणी केली रे?" मी म्हटलं, "मला काय माहीत!" आणि ताट उचलून उठलो.

बोटांचं सांगितलं, तर साहेब त्याला कामावरूनच काढतील. म्हणून उद्या आधी त्याला सांगणार, चुगली मीच केली. मग साहेबांना म्हणेन, त्याला माझ्याच जोडीला द्या, मी सांभाळून घेईन.

तुझी बोटं अजून आखडतात का? घडी घालताना आता दुसरं टोक कोण धरतं?

तुझा धाकटा