मलिहाच्या मशीनचे पाणी

मी, शेख खुर्शीद शेख चांद, धंदा झाळकाम, म्हणजे फुटक्या धातूला डाग देऊन जोडणं, राहणार धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र चष्मा लावून, बसल्या बैठकीला, कोणाच्या शिकवण्यावरून नाही तर माझ्याच मर्जीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलबाई म्हणतात की कायद्यात गुडघ्यांची अट नाही. त्यांनी, म्हणजे धम्मशीला वानखडे यांनी, मला एका पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात मी माझं घातलं. एवढं लिहायची गरज नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, मौत माझी, चार ओळी जास्त झाल्या तर कचेरीचं काय जातं.

कलम १. वारस. माझी बायको आधीच गेली. मुलगे दोन. थोरला जावेद बोंडअळीच्या साली, म्हणजे दोन हजार सतराला, कपाशीवर फवारताना औषध अंगात जाऊन वारला. त्याची बायको मुबीना आणि मुलगी मलिहा माझ्याजवळ राहतात. धाकटा मतीन शेती करतो. आमच्या शरीयतीप्रमाणे एक मुलगा हयात असला की गेलेल्या मुलाच्या लेकरांना आज्याच्या मिळकतीत वाटा येत नाही. म्हणजे मी मुकाट्याने मेलो तर सगळं मतीनचं आणि मलिहाच्या नावावर खिळासुद्धा नाही. मात्र तीच शरीयत सांगते की मरणाऱ्याला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वसीयत करता येते. ही वाट असल्याच पोरींसाठी ठेवली असावी असं मी समजतो आणि त्या वाटेने जातो.

कलम २. नाल्याकाठचं शेत आणि राहतं घर मतीनचं. मागच्या दोन खोल्यांत मुबीना हयातभर राहील. तिला कोणी ऊठ म्हणू नये. पोस्टात जे आहे त्यातून माझं कफन-दफन करावं, उरेल ते मुबीनाला द्यावं. जेवणावळ घालू नये. माझ्या जिवंतपणी जे चहाला आले नाहीत त्यांना मेल्यावर बिर्याणी कशाला?

कलम ३. बाजारपेठेतलं दुकान, आतल्या सगळ्या हत्यारांसह, मलिहाला. या दुकानाने आम्हाला पोसलं, पण त्याचं पोसणं विचित्र होतं. आधी पितळी फवारणी पंप झाळायला यायचे, रांग लागायची. मग बीटीचं बियाणं आलं. कृषी केंद्राचे पंजाबराव चारचौघांत म्हणाले, "खुर्शीदभाई, आता पानठेला टाका, अळी संपली." खरोखरच पंप यायचे थांबले. ट्रॅक्टरचे आणि जीपचे रेडिएटर झाळून मी दिवस काढले. पुढे अळी बीटीलाही पचवायला शिकली आणि पंप पुन्हा दुरुस्तीला आले, या वेळी प्लास्टिकचे, बॅटरीवाले. अळी मेली तेव्हा माझं घर उपाशी, अळी उठली तेव्हा गाव उपाशी. असा धंदा दुश्मनालाही नको.

सदर पंजाबरावांनी माझा मोठा पाईपपाना नेला आहे. मागून मागून जीभ झिजली. तो पाना मी त्यांनाच देतो, म्हणजे मेल्यावर तरी तगादा नको.

कलम ४. मशीन. दुकानाच्या मागच्या खोलीतला कॉम्प्युटर, त्यातली दोन भारी ग्राफिक्स कार्डं, त्याला जोडलेला रेडिएटर, पंप, नळ्या आणि काचेची बरणी, हे सगळं मलिहाचं. कोणी त्याला भंगार समजू नये म्हणून थोडं सांगतो.

मलिहा बिल्डर लोकांसाठी अजून न बांधलेल्या घरांची चित्रं काढते. खिडकीतून ऊन कसं येईल, फरशीवर सावली कुठे पडेल, हे सगळं ती कार्डं हिशेब करून दाखवतात. त्या हिशेबाने ती तापतात. आमच्याकडचा उन्हाळा तर माणसाला भाजून काढतो, तिथे कार्डाची काय कथा. चित्र अर्ध्यावर आलं की मशीन आपोआप बंद पडायची आणि पोरगी टेबलावर डोकं टेकवून बसायची. तिने ओला पडदा लावला, कुलर लावला, काही उपयोग झाला नाही. एक दिवस मी झाकण उघडून पाहिलं आणि म्हटलं, बेटा, हे इंजिन आहे, आणि याला नुसता पंखा दिला आहे.

तिने बाहेरगावाहून तांब्याचे दोन ठोकळे मागवले. ते कार्डावर बसतात, आत केसासारख्या बारीक खाचा असतात, त्यातून पाणी फिरतं आणि उष्णता उचलून नेतं. रेडिएटर मी केला, एका जुन्या व्हॅनच्या हिटरचा, तांब्या-पितळेचा, तीनदा झाळून. पंप दुकानातलाच, बॅटरी-फवारणीचा नवा कोरा. पाणी साठवायला बरणी मुबीनाच्या लोणच्याची. मशीन भर उन्हाळ्यात पहिल्यांदा अख्खं चित्र काढून थांबली तेव्हा कार्डं कोमट होती. मी उभ्या आयुष्यात शेकड्याने रेडिएटर झाळले, पण ज्याचा अभिमान वाटावा असा हा एकच.

कलम ५. भांडण. हे लिहिणं भाग आहे.

गेल्या हंगामात मतीनच्या कपाशीत पुन्हा गुलाबी अळी उतरली. ऐन फवारणीच्या दिवशी त्याच्या पंपाची मोटर जळली. मी लग्नाला सुलतानपूरला, दुकान बंद. त्याने मागचं दार उघडून मशीनचा पंप काढला, शेत फवारलं, साबणाने पंप धुतला, जागच्या जागी बसवला आणि बरणीत बोअरचं पाणी भरून दिलं. त्याच्या मते सगळं होतं तसं करून ठेवलं होतं. पंपाच्या पोटात औषध राहिलं होतं आणि आमच्या बोअरच्या पाण्यात तर डाळसुद्धा शिजत नाही.

दुसऱ्या दिवशी मलिहाने मशीन लावली. पाणी गरम झालं आणि खोलीत वास सुटला. मी सकाळीच परतलो होतो. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "दादाअब्बा, अब्बूच्या कपड्यांचा वास येऊन राह्यला."

मी आत गेलो. तोच वास. जावेदला घरी आणलं तेव्हाचा. ठोकळ्याच्या खाचा क्षाराने बुजून एक कार्ड जळालं, ते पुढे कसंबसं बदललं. वासाचं काय करणार?

मतीन खाली मान घालून एवढंच म्हणाला, "पंप फवारणीचाच व्हता, अब्बा. मले काय मालूम, पाण्याच्या पोटात इतकी नजाकत राह्यते म्हणून." त्या दिवसापासून काका-पुतणी एका ताटावर बसत नाहीत.

मलिहा, तुझा राग खरा आहे. पण त्या साली तुझ्या अब्बूला शेतातून उचलून मोटरसायकलवर छातीशी धरून दवाखान्यात नेणारा मतीनच होता. तो वास त्याच्याही नाकात आहे. मी पाहिलं आहे, संध्याकाळी तो दुकानाच्या मागच्या दाराशी येतो, आत पंपाची टुकटुक चालू आहे का ऐकतो आणि दार न ठोठावता निघून जातो. मला हे पाहवत नाही.

कलम ६. वकीलबाईंच्या हिशेबाने दुकान आणि मशीन मिळून तिसऱ्या हिश्श्याच्या वर जातं. वरच्या भागाला मतीनची संमती लागते, तीही मी गेल्यानंतरची. जिवंतपणीची चालत नाही. म्हणजे त्याला दटावायला मी नसेन. त्याने नाही म्हटलं तर दुकान विकून वाटावं लागेल आणि मशीन रस्त्यावर येईल. म्हणून खाली जागा कोरी सोडली आहे. मतीन, सही कर किंवा नको करू, मी भूत होऊन येणार नाही. या गुडघ्यांनी तेवढं चालवणार नाही.

शेवटचं. दर पावसाळ्याआधी मशीनचं पाणी बदलायचं असतं. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, दुसरं कुठलं नाही. आजवर हे काम मी केलं. यापुढे ते मतीनला देतो. वसीयतीत मालमत्ता देता येते, काम देता येत नाही असं वकीलबाई म्हणाल्या. मी देतो.

येणेप्रमाणे वाचून, समजून सही केली.

शेख खुर्शीद शेख चांद

साक्षीदार:
१. पुंजाजी सखाराम इंगळे, धामणगाव बढे (याने मजकूर ऐकताना दोनदा नाक शिंकरलं, सर्दीमुळे असं त्याचं म्हणणं)
२. ॲड. धम्मशीला वानखडे, मोताळा

स्थळ: धामणगाव बढे
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

वारसाची संमती (मृत्यूनंतर भरावयाची):

संमती हाये, दुकान आन मशीन दोन्हीले. पाणी आज बदललं, बॅटरीचंच घातलं. बरणी मलिहानं धरली व्हती.

शेख मतीन शेख खुर्शीद
२९ मे २०२५