सासूबाईंच्या दोन पांढऱ्या भाकरी

खामगाव, शनिवार, २ एप्रिल १९६६

डोकं फिरलंय आज. रेशनवर पुन्हा ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारीच मिळाली. तिची भाकर आम्ही कशीतरी गिळतो, पण सासूबाईंच्या पोटाला ती सोसत नाही. म्हणून डब्याच्या तळाशी उरलेली घरची ज्वारी दळून त्यांच्यापुरत्या दोन पांढऱ्या भाकरी केल्या. तेवढ्यात हे कापसाच्या जिनिंगमधल्या मित्राला जेवायला घेऊन आले. आधी सांगायचं तरी! पाहुण्याला लाल भाकर कशी वाढणार? एक पांढरी वाढली. तो बिचारा पुरे म्हणत होता, तर हेच म्हणाले, "अवं, त्याले आनखी एक वाढ ना!" मी डोळ्यांनी खुणावलं. ह्यांना कळेल तर ना! दुसरीही गेली. स्वतःच्या ताटात लाल भाकर असताना ह्या दोन पांढऱ्या कोणासाठी होत्या, एवढंसुद्धा मनात येऊ नये?

पाहुणा गेल्यावर मी सासूबाईंना काय वाढू म्हणून नुसतीच उभी राहिले. त्याच म्हणाल्या, "मले वाढू नोको वं. आज माही एकादस हाये."

ह्यांनी "बरं" म्हणून विड्याचं पान लावलं.

एकादशी काल झाली.