अण्णांचा धडा

प्रिय रुचिरा,

तेराव्यानंतर तू बंगळूरला परत गेलीस, तेव्हापासून रोज फोन हातात घेते आणि ठेवून देते. बोलायला लागले तर मला रडू येईल आणि तू मलाच समजावत बसशील, म्हणून लिहितेय. दमलेय गं. आमच्या नर्सिंग कॉलेजचं तुला ठाऊकच आहे. शरीरशास्त्राचे सगळे धडे ऑनलाइन करा, मुलींना स्वतः बटणं दाबून शिकता आलं पाहिजे, असा वरून हुकूम. वर्ग, वॉर्डातल्या फेऱ्या, पेपर तपासणं आहेच. बोरिवलीच्या त्या कोंदट खोलीत बसून हृदयाची एकेक झडप हलती करताना माझ्या मानेची वाट लागलीय. त्यात शेवंती आता नर्सिंग सोडते म्हणतेय. तिसऱ्या वर्षाला आहे, माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार पोर.

हृदय थकलं की काय होतं, त्या धड्यासाठी मला पेशंट हवा होता आणि तुझे अण्णा हौसेने तयार झाले, आठवतं ना? जोगेश्वरीहून इस्त्रीचा सदरा घालून आले. अण्णा, आजारी दिसायचंय, म्हटलं तर म्हणाले, मग आधी सांगायचंस, दाढी कशाला केली असती. उशीला टेकून त्यांनी ‘गो बाय, माका दम लागता’ हे इतकं झकास म्हटलं, की शूटिंग करणाऱ्या शेवंतीला हसू आवरेना. धड्यात मुलीने चुकीचं बटण दाबलं की अण्णांना धाप लागते, मानेची शीर फुगते. डोकं उंच केलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं, की ते शांत होतात. पुढे ब्लडप्रेशर तपासायच्या निमित्ताने कॉलेजात आले, की मुलींना बघून तेच वाक्य टाकायचे. त्याही ओरडायच्या, अण्णा, डोकं वर करा. सगळ्या कॉलेजची ती गंमत झाली होती.

अण्णांना खरंच ॲडमिट केलं, तेव्हा त्यांच्या वॉर्डात शेवंतीचीच रात्रपाळी होती. रात्री ती औषधं देत असताना अण्णा म्हणाले, गो बाय, माका दम लागता. ती हसली. अण्णा, नाटक पुरे, म्हणाली आणि शेजारच्या पेशंटकडे वळली. परत आली तोवर त्यांचे ओठ निळे पडले होते. मग तिने धड्यातलं सगळं केलं, एकही पायरी चुकली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा गेले, हे तुला माहीत आहे. आधीचं तुला कुणी सांगितलेलं नाही. तिने स्वतःहून मला आणि डॉक्टरांना सांगितलं. मी त्यांना खोदून खोदून विचारलं. हृदयात काही उरलंच नव्हतं, तेवढ्या वेळाने काही फरक पडला नसता, म्हणाले. माझा त्यावर विश्वास आहे. शेवंतीचा नाही.

आता ती चारकोपला मामाकडे आहे आणि शनिवारी सामान घेऊन गावी जाणार आहे. मी समजावलं, रागावले, काही उपयोग नाही. म्हणून तिला विचारूनच तुला हे कळवतेय. राग आला तर तिच्याआधी माझ्यावर काढ, तो धडा माझाच होता. पण जमलं तर शनिवारच्या आत तिला एक फोन कर. ती चुकलीच नाही, असं काही सांगू नकोस, तिला पटणार नाही. तिचा नंबर तुझ्या फोनमध्ये आहे. त्या पहाटे तुला कळवणारी नर्स, ती शेवंती. तू तिला रडत रडत म्हणालीस, बरं झालं, अण्णांजवळ तू होतीस. त्या वाक्याने तिची झोप उडालीय. आता सगळं कळल्यावरही तुला ते मनापासून म्हणता आलं, तर तिला पुन्हा एकदा म्हण.

दमलेली, पण तुझीच,
शर्मिष्ठा