चौथ्या खेपेस रामेश्वरम

कराडजवळ,
१८ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आक्का हिस,
रामचंद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर मधमाश्यांखेरीज काही ऐकू येत नाही, म्हणून हा कागद. आजच्या जमान्यात बहिणीला पत्र लिहिणारा माणूस पाहून कराडच्या पोस्टातल्या बाई उठून उभ्या राहिल्या. चंदनसारचा फ्लॅट बंद करून तू महिनाभर गिरीजला आमची वाडी सांभाळायला आलीस, तेव्हा तुला निदान प्रवासाची खबर देणं माझं कर्तव्यच आहे.

तर खबर अशी की तीन दिवसांत आम्ही कराडपर्यंत आलो. सायकलवाले आम्हांला मागे टाकतात आणि जाताना हात करतात. याला कारण मोटारीमागे जोडलेला आमचा डबा. सातिवलीच्या गाळ्यात हरेश्वरने तो मन लावून बनवला, त्यात दोन बिछाने, शेगडी, मोरी सगळं बसवलं. पण बिचाऱ्याने जन्मभर वडापावच्या गाड्याच बनवल्या आहेत. हात वळणावर गेलाच. बाजूची खिडकी वर उचलली की खाली फळी येते आणि डबा हुबेहूब हातगाडी दिसतो. शिरवळला कॉलेजची दोन पोरं येऊन दोन मिसळ सांगून बसली, वर कट जास्त. जयवंतीने त्यांना पोहे करून दिले आणि मला म्हणाली की एवढ्या वर्षांत तुम्ही केलेल्या वस्तूला पहिल्यांदाच गिऱ्हाईक आलं.

शिवाय मी वाडीतल्या विहिरीचं पाणी पिंपभर बरोबर घेतलंय. बाहेरचं पाणी मला सोसत नाही असं मी म्हणालो. जयवंती म्हणते, मला नाही, माझ्या मनाला सोसत नाही. त्या वजनाने खंबाटकीच्या चढावर गाडी अशी कण्हत होती की मीच खाली उतरून तिला धीर दिला.

आता खरी गोष्ट सांगतो, हसू नकोस. मला हा डबा मागे घेता येत नाही. मोटार मागे घेतली की तो भलतीकडेच तोंड करतो. त्यामुळे आम्ही फक्त दोन दारांच्या ठिकाणी थांबतो, एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. एक दार असलेली तीन देवळं आणि एक उत्तम खानावळ आम्ही लांबूनच नमस्कार करून सोडली.

पण एका परीने बरंच आहे. तुला माहीत आहे, लग्नात मी हिला रामेश्वरमचा शब्द दिला होता. आपल्या भुईगावच्या किनाऱ्यावर आयुष्यभर सूर्य समुद्रात बुडताना पाहिला, एकदा तो समुद्रातून वर येताना दाखवा, एवढंच तिचं मागणं. पहिल्या खेपेस पुण्याहून परतलो, वाडीत पाणी भरलं होतं. दुसऱ्यांदा कोल्हापूरहून, पंपाची मोटार जळली होती. तिसऱ्यांदा सोलापूरहून, आणि तेव्हा तर काहीच झालं नव्हतं, मलाच वाटलं की काहीतरी झालं असेल. या वेळी निघताना जयवंतीने शांतपणे सांगितलं की चौथ्यांदा फिरलात तर तुम्ही खुशाल फिरा, मी एस.टी.ने पुढे जाईन. पुन्हा तुमच्याकडे काही मागणार नाही. आक्का, तिच्या पहिल्या वाक्याची मला भीती नाही. दुसऱ्याची आहे.

तुझं उत्तर बंगळुरूला ज्ञानदाच्या, म्हणजे जयवंतीच्या मामेबहिणीच्या पत्त्यावर पाठव. खालच्या केळींना एक दिवसाआड पाणी. लोभ आहेच, शिंपणंही असू दे.

तुझा,
रामचंद्र

—

गिरीज,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. रामचंद्र यास,
आशालताचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. मिसळीचं वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारचा कॉन्रॅड कुंपणावरून डोकावला. तुला मागे घेता येत नाही यात नवल ते काय? लहानपणी चिंचेवर चढायचास आणि उतरायला मला हाका मारायचास.

वाडीत सगळं ठीक आहे. सगळं उभं आहे. केळी उभ्या आहेत, नारळ उभे आहेत, पानवेलही उभी आहे. पाणी एक दिवसाआड चालू आहे. हवा छान आहे, वारा अगदी बेताचा. तू वाडीचा विचारसुद्धा मनात आणू नकोस. पिंपातलं पाणी पिऊन टाक नाहीतर रस्त्यावर ओत, गाडीला मोक्ष मिळेल.

जयवंतीला वेगळं पत्र लिहिते आहे. बायकांचं आहे, फोडू नकोस.

उन्हात टोपी घाल. मोठ्या बहिणीची माया टोपीसारखीच, डोक्यावर राहू दे.

तुझी आक्का

—

गिरीज,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. जयवंतीस,
अनेक आशीर्वाद.

रामचंद्रला लिहिलेलं पत्र खोटं आहे. ते तू वाचलं असशीलच, नसलंस तर वाच, म्हणजे मी किती वाईट खोटं बोलते ते कळेल.

शनिवारी संध्याकाळी वावटळ आली. पाच मिनिटांचं काम, पण आपल्या आणि बाजूच्या दोन वाड्यांवरूनच गेली. खालचा केळीचा तुकडा आडवा झाला. लोंगर धरलेल्या केळी होत्या, त्याच आधी गेल्या, त्यांना वजन ना. वरच्या अंगाला थोड्या उभ्या आहेत. नारळाला काही नाही, घराला काही नाही, मलाही काही नाही, फक्त एक कौल माझ्या पायाशी येऊन फुटलं. तुझ्या उमंगला नाशिकला कळवलं, तो रविवारी येऊन गडी लावून साफसफाई करून गेला. बाबांना कळवतो म्हणत होता. मी त्याला शपथ घातली.

रामचंद्रने इथे येऊन तरी काय करायचं? पडलेली केळ उभी राहत नाही. तो फक्त प्रत्येक बुंध्यापाशी जाऊन उभा राहील. मी त्याला ओळखते. आमच्या आईच्या आजारपणात त्याने डोळ्यांतून पाणी काढलं नाही, पण नवी लावलेली बाग वाळली तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता.

तरी तो वाडीचा मालक आणि तुझा नवरा. सांगायचं की नाही ते तू ठरव. मी हे ओझं तुझ्या गळ्यात टाकते आहे, त्याबद्दल रागावलीस तरी चालेल, पण आधी तो समुद्र बघून ये आणि मग रागाव.

तुझ्यावर जीव असलेली,
आक्का

—

बंगळुरू,
२ मार्च २०२५

ती. आक्कांस,
जयवंतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी सांगितलं नाही.

दोन दिवस मी ज्ञानदाच्या स्वयंपाकघरात कांदे चिरते आहे, म्हणजे डोळ्यांना कारण सापडतं. त्या केळी मीही लावल्यात, आक्का. बुंध्याशी फुटलेले मुनवे खणून काढायला मीच बसले होते. तरी तुमचं पत्र वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? केळींचं नाही आलं. आता हे परत फिरणार, हे आलं. मग स्वतःची लाज वाटली. मग लाज वाटली याचाही राग आला. छत्तीस वर्षांत मी एक सूर्य मागितला, तोसुद्धा फुकटचा.

ह्यांचं इकडे काही खरं नाही. हुबळीपासून जेवणावर वासना नाही. गप्प असतात. मी रोज ओवा चावायला देते, तो निमूट चावतात. ज्ञानदाच्या इमारतीतल्या कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात, रखवालदार घाबरून गेलाय. सगळी झाडं बुडाली म्हणतो. मला वाटतं, वाडी न बघता राहणं ह्यांना जड जातंय. ही अवस्था न कळता आहे, कळलं तर काय होईल?

एक गुपित सांगते. मला डबा मागे घेता येतो. हे पोस्टात किंवा दाढीला गेले की मी इमारतीच्या मागच्या मैदानात शिकते. पन्नाशीत काढलेलं लायसन शेवटी कामाला आलं. युक्ती एवढीच की डबा उजवीकडे न्यायचा तर चाक डावीकडे फिरवायचं, हळू, आणि आपण काही करतोय असं त्याला वाटू द्यायचं नाही. मला लगेच जमलं. इतकी वर्षं तुमच्या भावाला मी असंच वळवत आले. ह्यांना अजून बोलले नाही, पुरुषमाणसाचा एक तरी मान राखावा.

उद्या निघतो. मी बरोबर वागतेय का, ते देव जाणे आणि तुम्ही. माझ्यावरची मर्जी, पत्र वाचून झाल्यावर जेवढी शिल्लक असेल तेवढी असावी.

आपली,
जयवंती

—

दिंडिगलच्या अलीकडे,
७ मार्च २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

आक्का, वाडीबद्दल कुणी कधी 'सगळं उभं आहे' असं लिहितं का? नारळ उभे आहेत हेही कळवावं लागतं का? तुझं पत्र वाचताना मला हसू आलं आणि मग बराच वेळ ते थांबेना, म्हणून संडासात जाऊन बसलो.

मला वावटळीच्याच संध्याकाळी कळलं होतं. कॉन्रॅडने फोन केला. मी हुबळीच्या अलीकडे एका ढाब्याच्या नळावर बादली भरत होतो. बादली भरून वाहिली, मालक ओरडला तेव्हा शुद्धीवर आलो. जयवंती डब्यात भाकऱ्या करत होती. आत जाऊन सांगायचं म्हणून पायरीवर पाय ठेवला, तर तिने विचारलं की रामेश्वरमला सूर्य किती वाजता उगवतो. मी म्हटलं, साडेसहाच्या सुमारास. आणि तसाच जेवायला बसलो. तेव्हापासून रोज ओवा चावतो आहे. या जन्मात मला आता अपचन होणार नाही.

मी धीराचा निघालो असं समजू नकोस. बंगळुरूपर्यंत निभलं, कारण आजूबाजूला इमारती होत्या. काल दुपारी इकडे केळीच्या बागा सुरू झाल्या. दोन्ही बाजूंना, नजर पोचेल तिथवर, प्रत्येक लोंगराला बांबूचा टेकू दिलेला. मला आपल्या खालच्या तुकड्याला टेकू द्यायचे होते. निघायची घाई म्हणून मी ते ठेवून दिले होते. हे मी कुणालाच बोललेलो नाही. कॉन्रॅडला ठाऊक आहे, पण तो भला माणूस, त्याने आठवण काढली नाही.

जयवंतीचा डोळा लागला होता. मी एका बांधावरच्या वाटेला गाडी घातली, मोठ्या हुशारीने. मनात एकच होतं, फिरवायची आणि सुटायचं. पुढे नेली, मागे घेतली, पुन्हा पुढे. शेवटी मोटार आणि डबा अडकित्त्यासारखे मिटले आणि डब्याचं एक चाक पाटाच्या कडेवर लोंबकळायला लागलं. बागेचा मालक धावत आला. तो तमिळमध्ये पुष्कळ बोलला. मला एक अक्षर कळलं नाही, तरी सगळं पटलं.

जयवंती जागी झाली आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. मी खाली मान घालून सगळं सांगितलं, टेकूंचं सुद्धा. पर्स उघडून तिने तुझं पत्र माझ्या हातात दिलं. आक्का, बोहल्यावर अंतरपाट दूर झाला तेव्हाही मी इतका अवघडलो नव्हतो. पाटाच्या कडेला दोन चोर एकमेकांकडे बघत उभे, मध्ये तो तमिळ गृहस्थ.

मग तिने मला बाजूला केलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. तीन हिसक्यांत डबा पाटावरून काढला, मागे घेतला, सरळ केला आणि वाटेच्या तोंडाशी आणून उभा केला. कुठे शिकली म्हणून विचारायचं भानही मला राहिलं नाही. मालकाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मग पाहिलं की गाडीचं तोंड तिने उत्तरेकडे केलंय. वसईकडे, घराकडे.

तिने मला आत बसायला सांगितलं. म्हणाली की असा वाळत चाललेला माणूस शेजारी बसवून मला कुठलाच सूर्य बघायचा नाही, चला घरी. रागाने म्हणाली असती तर मी बसलो असतो. ती अगदी मनापासून म्हणाली. पुण्याला, कोल्हापूरला, सोलापूरला तिने अशीच एक शब्द न बोलता पिशवी भरली होती, आणि मी त्याला समजूतदारपणा समजत होतो. आक्का, मला तिथे रस्त्यात रडू आलं. मालकाने मला केळं सोलून दिलं.

मी बसलो नाही. तिला म्हटलं की गाडी फिरव, आपण पुढे जायचं. तिने विश्वास ठेवला नाही. दुसऱ्यांदा म्हटलं. म्हणाली, मदुरैला पोचल्यावर तोंड पाडून बसाल. मी म्हटलं, तोंड पाडीन, पण पुढेच पाडीन. मग तिने डबा पुन्हा मागे घेतला आणि दक्षिणेला लावला. त्या गृहस्थाची खात्री पटली की बाई लायसनची परीक्षा देताहेत आणि मी परीक्षक आहे.

उभ्या राहिलेल्या केळींना टेकू लावून घे. पडलेल्यांचे कंद उपटू देऊ नकोस, मुनवे येतील. खोटं बोलल्याबद्दल तुला माफी आहे, पण पुन्हा बोलायचं तर माझ्याकडून शिकून घे.

तुझा धाकटा आणि तसाच राहिलेला,
रामचंद्र

—

रामेश्वरम,
१२ मार्च २०२५

ती. आक्कांस,
जयवंतीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही पोचलो. तीन दिवस झाले.

पहिल्या दिवशी पहाटे धनुष्कोडीच्या टोकाला जाऊन बसलो. ढग. नुसतं उजाडलं, सूर्य कुठून आला ते कळलंच नाही. मी चोरून ह्यांच्याकडे बघत होते. सोलापूरला जो चेहरा झाला होता तो कधी येतो याची वाट बघत होते. ह्यांनी फक्त चटई झटकली आणि उद्या येऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ढग. आज ढग. आज मीच म्हटलं की पुरे झालं, समुद्र पाहिला, उजेड पाहिला, आता वाडीकडे बघायला हवं. तर मला म्हणाले की केळीला लोंगर यायला वर्ष जातं, तिथे मी कधी कंटाळलो का? मग इथे तीन दिवसांत काय कंटाळायचं? आणि आपल्या हाताने चहा करायला उठले. साखर दोनदा घातली. आमच्या डब्याची खिडकी उघडी होती, त्यामुळे दोन यात्रेकरू येऊन रांगेत उभे राहिले, त्यांनाही दिला. त्यांनी तोंड वाकडं केलं, मी नाही केलं.

आक्का, तुम्हांला वाडीत अजून किती दिवस राहावं लागेल ते मला सांगता येत नाही. सूर्य दिसल्याशिवाय हे हलणार नाहीत असं दिसतं. तुम्हांला खरं सांगते, कुणाला बोलू नका. माझ्या मनातून, उद्याही ढग असले तर बरं.

आपल्या पायांशी जागा असावी,
जयवंती